आबेल मेझीचे पारवे

आबेल मेझीच्या घरी अधल्यामधल्या वारी कबुतराचं कालवण शिजलं, की त्याची बायको केझाया काही विचारत नसे. माळ्यावर पुन्हा पारवा निपजला, हे तिला वासावरूनच कळायचं.

पारवा म्हणजे चर्चच्या मनोऱ्यावर घाण करणारं, राखी-निळं, पंखांवर दोन काळे पट्टे असलेलं बेवारशी कबूतर. मनोऱ्यावर ते बसलं तर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण लंडनच्या स्पिटलफील्ड्समधल्या कबूतरबाजाच्या माळ्यावर, तीस-तीस वर्षं निवडून जुळवलेल्या बदामी गिरेबाजांच्या घरट्यात तसलं पिल्लू निघालं, तर ती गोष्ट घराबाहेर जाऊ द्यायची नसते. लोक म्हणणार, वाण भेसळीचा आहे. मग त्या माळ्यावरची अंडीसुद्धा कुणी फुकट नेत नाही. म्हणून पिसं फुटून रंग कळला, की मान मुरगाळायची आणि पिल्लू भांड्यात टाकायचं. सगळे तेच करत, आणि सगळे शपथेवर सांगत की आमच्याकडे असलं कधी होत नाही. घरोघरी मातीच्याच चुली, पण प्रत्येकाला वाटे की मातीची ती फक्त आपली.

आबेल रेशमाचा विणकर होता. पणजोबा धर्मापायी फ्रान्समधून पळून आले, तेव्हापासून घरात माग आणि छपरावर कबुतरं. वरच्या मजल्याला भिंतभर खिडकी, कारण काळ्या रेशमाचा धागा दिसायला उजेड लागतो. खिडकीशी माग आणि मागाच्या डोक्यावर फळ्यांचा कबुतरखाना. धोटा थांबला की वरचं घुमणं ऐकू यायचं. माणूस तसा वाईट नव्हता. बायकोवर हात उचलला नाही, दोन मुली चांगल्या घरी दिल्या, दारू बेताची. त्याला एकच रोग होता. दुसऱ्याचं बरं झालेलं त्याच्या पोटात ठरत नसे, आणि हा दुसरा कायम एकच असे.

त्याचं नाव नॅथन ओझिए. गल्लीच्या पलीकडच्या बाजूला, बरोब्बर समोरच्या खिडकीत त्याचा माग. दोघे चौदाव्या वर्षी एकाच उस्तादाकडे काम शिकायला लागले आणि पहिल्याच महिन्यात उस्ताद आबेलच्या देखत म्हणाला, “मेझी, जरा ओझिएच्या कापडाची किनार बघ. तसं जमव.” बस्स. ते वाक्य आबेलने चाळीस वर्षं जपून ठेवलं. पुढे नॅथनला मखमलीचं काम मिळालं, आबेल छत्रीच्या कापडावर राहिला. चर्चमध्ये नॅथन गायचा, आबेल ओठ हलवायचा. पन्नाशीला नॅथनचे सगळे दात शाबूत होते, याचासुद्धा आबेलला राग होता. “चावतो काय एवढं, पावच तर खातो,” तो केझायाला म्हणायचा.

“तू त्याचे दात मोजलेस?” केझायाने विचारलं.

“हसतो तेव्हा दिसतात.”

“मग तूही हस थोडा. तुझे जे उरलेत ते दिसू दे.”

एका बाबतीत मात्र आबेल नॅथनच्या वर होता, आणि ते त्यालाच नव्हे, सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्याचे बदामी गिरेबाज. मुठीएवढं पाखरू, मण्याएवढी चोच, ताज्या फोडलेल्या बदामासारखा अंगाचा रंग आणि त्यावर काळे शिंतोडे. हवेत चढलं की मागच्या मागे कोलांट्या घेत यायचं. नॅथनकडेही बदामी होते, पण त्यांची चोच जवाच्या दाण्याइतकी जास्त लांब. त्या एका दाण्यावर आबेलचं आयुष्य उभं होतं.

विणकर सोमवार फार कडक पाळत. उपासाने नव्हे, बिअरने. सोमवारी मागाला हात लावणारा माणूस भिकारी किंवा पाद्री, असं समजलं जाई. त्याच दिवशी दुपारी गुत्त्याच्या मागच्या खोलीत कबूतरबाजांचा क्लब भरे. प्रत्येकाच्या मांडीवर टोपली आणि टोपलीत एकेक नमुना. नॅथनचं अक्षर बरं म्हणून तो क्लबचा चिटणीस होता. आबेलला छापील मजकूर बोट ठेवून वाचता येई, हाताने लिहिलेलं मात्र अजिबात लागत नसे.

अशाच एका सोमवारी त्या खोलीत ऑल्ड्रिज साहेब आले. उंच, वाकलेले, आजारी दिसणारे, कोटाच्या खिशात मोजपट्टी आणि कर्कटक. हे साहेब तरुणपणी नऊ वर्षं दक्षिणेच्या समुद्रात बेटाबेटांवर गोगलगायी वेचत हिंडले होते. प्रत्येक बेटावरची गोगलगाय शेजारच्या बेटापेक्षा किंचित निराळी का, या एका प्रश्नाने त्यांची झोप उडाली, ती पुन्हा आली नाही. गोगलगायींवरून ते कबुतरांवर आले. मेलेली कबुतरं विकत घेऊन घरी उकळत, मांस सुटलं की हाडं मोजत. वासाने मोलकरणी टिकत नसत, असं ते स्वतःच हसत सांगायचे. क्लबने त्यांचं नाव ठेवलं ‘गोगलगायवाले साहेब’, आणि तोंडावर सर म्हणत.

साहेबांनी त्या दिवशी बिअरचा पेला हातात धरून सांगितलं, “सद्गृहस्थहो, मला असं वाटतं की तुमचा शेपटीचा पंखा फुलवणारा लक्का, तुमचा गिरेबाज, ते गळा फुगवणारं, ते आखूड चोचीचं काळं बार्ब, ही सगळी एकाच आजोबांची नातवंडं आहेत. आणि आजोबा म्हणजे मनोऱ्यावरचा पारवा.”

खोलीत हशा पिकला. लक्का लक्क्यापासून आणि बार्ब बार्बापासून, देवाने पहिल्या दिवसापासून वेगळे केलेले, हे तिथलं शेंबडं पोरसुद्धा जाणत होतं.

“मग साहेब,” एकजण ओरडला, “राणीसाहेब आणि माझी सासू एकाच आजोबांच्या का?”

“शक्यता आहे,” साहेब गंभीरपणे म्हणाले. “पण सासूबाईंचं मला सिद्ध करता येणार नाही. कबुतरांचं येईल. तुमच्यापैकी कुणाच्या शुद्ध वाणातून कधी पारवा निघाला आहे का? मध्येच, अचानक? आजोबांचा चेहरा नातवात दिसावा तसा?”

हशा बंद झाला. जो तो आपल्या टोपलीत बघायला लागला. “छे छे.” “आमच्यात नाही साहेब.” “दुसरीकडे विचारा.” आबेलनेही मान हलवली. आदल्याच गुरुवारी त्याच्या घरी कालवण झालं होतं.

पुढच्या सोमवारपासून साहेब क्लब सुटल्यावर नॅथनच्या माळ्यावर जायला लागले. आबेल आपल्या खिडकीतून बघत बसायचा. समोर नॅथन पाखरू हातात धरतोय, साहेब कर्कटक लावतायत, नॅथन लिहून घेतोय, दोघे हसतायत. मग आठवडाभर आबेलच्या ताण्याचे धागे तुटायला लागले. खरं सांगायचं तर त्याला रडू यायचं. जगातला सगळ्यात शहाणा माणूस गल्लीत आलाय, आणि तो जवाच्या दाण्याइतक्या जास्त लांब चोची मोजतोय!

मग बातमी आली की साहेब पुस्तक लिहितायत आणि त्यात कबूतरबाजांची नावं छापली जाणार आहेत.

“नॅथनचं नाव छापणार,” आबेल पावाचा तुकडा ताटलीत आपटत म्हणाला. “पुस्तकात! आपण मरून जाऊ, छत्र्या फाटतील, आणि तो मेला तसाच राहील. कातडी बांधणीत!”

“राहू दे की. पुस्तक कोण वाचतंय?”

“मी वाचणार!”

“मग नको वाचूस,” केझाया म्हणाली. तिच्या मते जगातली निम्मी दुःखं अशी सुटत.

एप्रिलमध्ये एका सकाळी नॅथनच्या छपरावर पिल्लं पहिल्यांदा उन्हात आली, आणि आबेलने धोटा खाली ठेवला. पाच बदामी, आणि सहावं? राखी-निळं. पंखांवर दोन पट्टे. जिवंत! नॅथनने त्याची मान मुरगाळली नव्हती. वर तो त्याला वाटाणे घालत होता. आबेलला इतका आनंद झाला की त्याने खाली जाऊन केझायाचा मुका घेतला. ती घाबरली.

सोमवारी क्लब भरलेला, साहेब खुर्चीत. आबेल उभा राहिला. त्याने रविवारभर भाषण घोकलं होतं, पण ऐन वेळी एवढंच बाहेर पडलं: “नॅथनच्या माळ्यावर पारवा आहे. मी पाहिलाय. भेसळ आहे त्याच्या वाणात, भेसळ!”

नॅथनचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तो हळूच म्हणाला, “आहे. साहेबांनी विचारलं होतं, म्हणून ठेवला. त्यांना दाखवलाय मी.”

“अप्रतिम पाखरू आहे!” साहेब खुर्चीतून उठलेच. आबेलला वाटलं होतं की साहेब तोंड फिरवतील, आणि त्यांचे तर डोळे चमकत होते. “दोन्ही आईबाप बदामी, चार पिढ्यांची नोंद, आणि पोर थेट आजोबांवर! मिस्टर मेझी, तुमच्याइतका जाणता माणूस इथे नाही असं सगळे म्हणतात. मी मुद्दाम विचारतो. तुमच्या तीस वर्षांत असं कधी घडलंय?”

सत्य सांगायला दाराइतकी मोठी वाट उघडी होती. पण नुकताच ज्या शब्दाने नॅथनला काळं फासलं, तोच स्वतःच्या तोंडाला कसा लावणार? आणि सगळा क्लब बघत होता.

“एकदाही नाही साहेब. बायबलवर हात ठेवून सांगतो.”

साहेबांचा चेहरा उतरला. पण ते प्रामाणिक गृहस्थ होते. जे आपल्या विरुद्ध जाईल ते आधी लिहून ठेवायचं, नाहीतर माणूस ते सोयीस्कर विसरतो, असा त्यांचा नियम होता. त्यांनी वही काढली. “मेझी. शेवटचं अक्षर कसं लिहायचं?”

आबेलने आपलं नाव एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, लग्नातसुद्धा इतक्या प्रेमाने सांगितलं नव्हतं.

नॅथनचं पुढे व्हायचं तेच झालं. त्याच्याकडून पिल्लं नेणारे दुसरीकडे जायला लागले. प्रदर्शनात तो परीक्षक असायचा, ती खुर्ची आबेलकडे आली. क्लबात कुणी नॅथनच्या टोपलीत डोकावलं तर बाकीचे खाकरायचे. चिटणिशी तेवढी राहिली, कारण दुसऱ्या कुणाला लिहिता येत नव्हतं. आबेलला वाटलं होतं की आता पोटातली आग विझेल. पण नॅथन मुळी भांडेना. गल्लीत भेटला की टोपीला हात लावून “कसा आहेस आबेल?” म्हणे. हे असं वागणं म्हणजे निव्वळ खोडसाळपणा आहे, असं आबेलचं ठाम मत झालं.

दोन वर्षांनी पुस्तक निघालं. क्लबने वर्गणी काढून एक प्रत आणली. आबेलने ती घरी नेली, केझायाने चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचलं: “‘स्पिटलफील्ड्सचे मिस्टर मेझी, ज्यांच्याइतका जाणकार मला भेटला नाही, खात्रीने सांगतात की तीस वर्षांत त्यांच्या शुद्ध पक्ष्यांतून एकही पारवा निपजलेला नाही. अन्य एका माळ्यावर तसं पिल्लू मी पाहिलं, परंतु मिस्टर मेझींच्या साक्षीपुढे मी त्यावर फार भर देऊ इच्छित नाही.’” तिने चष्मा काढला. “मिस्टर मेझी,” ती म्हणाली. “आणि अन्य एक माळा.”

“अन्य एक माळा!” आबेल खूश होऊन म्हणाला. “नावसुद्धा नाही मेल्याचं!”

“आबेल, मी किती कालवणं केली रे?”

“तू गप्प बस.”

तीन दिवस तो हवेत होता. गल्लीतले लोक येऊन त्या ओळीवर बोट फिरवून जात. चौथ्या दिवशी नॅथन आला, ओळ वाचली आणि म्हणाला, “अभिनंदन, आबेल. मनापासून.” आणि ते मनापासूनच होतं, हेच तर आबेलला सहन झालं नाही. त्या रात्रीपासून त्याची पचनशक्ती गेली.

पुढच्या हिवाळ्यात क्लबच्या पत्त्यावर साहेबांचं पत्र आलं, वर नाव आबेलचं. साहजिकच ते चिटणिसाने आणून दिलं, आणि साहजिकच ते त्यानेच वाचून दाखवायचं होतं. नॅथन मागाशेजारच्या स्टुलावर बसला. केझाया बटाटे सोलत होती.

साहेबांनी लिहिलं होतं की ते अंथरुणाला खिळले आहेत आणि पुस्तकाची दुसरी आवृत्ती छापायची आहे. एका मोठ्या विद्वानाने भर सभेत मिस्टर मेझींचं वाक्य वाचून दाखवलं आणि विचारलं की सगळ्यात जाणत्या माणसाने तीस वर्षांत आजोबा पाहिले नाहीत, तर हे आजोबा आले कुठून? लोक हसले. “‘मी आपल्यावर दोष ठेवत नाही,’” नॅथन सावकाश वाचत होता. “‘माझं म्हणणं खोटं असेल तर ते पडलंच पाहिजे. आपण पुन्हा एकदा आठवून बघावं. आपली खात्री कायम असेल, तर कबुतरांचं प्रकरण मी काढून टाकतो. मला आता नव्याने सुरुवात करण्याइतके दिवस उरलेले नाहीत.’”

नॅथनने पत्राची नीट घडी घातली. खिशातून दौत-लेखणी काढली, कागद मांडीवर पसरला. “सांग. मी लिहितो.”

आबेलने मागावरचा एक सुटा धागा बोटाला गुंडाळला.

“तुझा शब्द आहे, आबेल. तू म्हणशील तेच लिहीन. ‘खात्री कायम आहे’ असंच ना?” नॅथनचा आवाज अगदी सरळ होता. हे लिहिल्यावर तो जन्मभर भेसळवाला ठरणार होता, आणि तो लेखणी शाईत बुडवून वाट बघत होता. रागाची एक रेष नाही चेहऱ्यावर.

“मी सांगू का?” केझाया बटाट्यावरची नजर न काढता म्हणाली.

पण तिच्या धाकाने काही झालं नाही, आणि पश्चात्तापानेही नाही. आबेलला काय झालं ते सांगायला लाज वाटते, पण खरं तेच सांगायला हवं. समोर बसलेल्या त्या शांत माणसाकडे बघून त्याच्या काळजात पुन्हा तीच जुनी कळ आली: कापडाची किनार याची, मखमल याची, गळा याचा, दात याचे, आणि आता चांगुलपणाही याचाच! यातही हाच पुढे जाणार!

“लिही,” आबेल किंचाळल्यासारखा म्हणाला. “लिही की मेझी खोटं बोलला. माझ्याकडे पारवे निघाले. शुद्ध बदामी जोड्यांतून. सतरा. सगळे मारले आणि खाल्ले. शेवटचा सप्टेंबरात. लिही, थांबलास का?”

लेखणी थांबली होती. मग पुन्हा चालायला लागली. लिहून झालं तसं नॅथनने ते एकदा वाचून दाखवलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. आबेलला वाटलं, आता हा काहीतरी थोर बोलणार. क्षमा वगैरे करणार. तो दात-ओठ खाऊन तयारीत बसला.

नॅथन कागदावरची शाई वाळवत म्हणाला, “मीही साहेबांना एकच दाखवला रे. त्याच्या आधीचे सांगितलेच नाहीत. लाज वाटली.”

“किती?” केझायाने विचारलं.

“तेवीस.”

केझाया फसकन हसली आणि बटाटा तिच्या हातातून निसटून खोलीभर गडगडत गेला. नॅथनही हसला. आबेल हसला नाही. तेवीस? नॅथनकडे तेवीस, आणि आपल्याकडे नुसते सतरा? एवढा मोठा साहेब अंथरुणावर पडून पारव्यांची वाट बघतोय, आणि त्यातही याचेच सहा जास्त?

“थांब,” तो म्हणाला. “ते सतरा...”

“काय? बदलायचंय?” नॅथनने लेखणी पुन्हा दौतीत बुडवली. “कमी होते का?”

पंचवीस हा शब्द आबेलच्या अगदी जिभेवर आला होता. त्याने तो तिथेच धरला. चांगला बराच वेळ धरला. कपाळाला घाम आला, मान आखडली, आणि मग त्याने तो गिळला.

“सतराच,” तो म्हणाला. “सतराच होते. राहू दे.”

लेखणी घेऊन त्याने कागदाच्या तळाशी आपली वेडीवाकडी सही केली. चाळीस वर्षांत तो नॅथनपुढे पहिल्यांदाच आपणहून हरला होता, आणि त्याला ते मुळीच आवडलं नव्हतं.